धोका क्रमांक बेचाळीस

एकेचाळीस धोके लिहून झाले होते, तरीही अर्ज परत आला.

आता एकेचाळीस धोके म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत! एखाद्या साध्यासुध्या माणसाला अख्ख्या जन्मात एवढे धोके भेटत नाहीत. पेटीचं झाकण उडेल. सिरिंज हातातून निसटेल. रंगीत पाणी बाहेर येऊन कुणाच्या तरी डोळ्यांत जाईल. कुणाच्या खिशातलं पेन तरंगत येईल आणि दुसऱ्याच कुणाच्या नाकात शिरेल. हा शेवटचा धोका तिघींच्या संघातल्या मोजपट्टीने शोधला होता (दिसेल ते मोजत सुटते म्हणून हे नाव) आणि तिला त्याचा भयंकर अभिमान होता. प्रत्येक धोक्यापुढे चार रकाने: शक्यता, परिणाम, उपाय, आणि उपाय करून पाहिल्याचा पुरावा. पुरावा हं! 'योग्य ती काळजी घेऊ' असं लिहून सुटका नाही. खिसे शिवून टाकू असं लिहिलंत, तर शिवलेल्या खिशांचा फोटो जोडा. तो जोडला होता. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी उत्साहाच्या भरात बाह्यासुद्धा शिवून टाकल्या, त्या उसवायला एक अख्खी दुपार गेली, पण फोटो जोडला होता.

आणि तरीही तो अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा: "माणसांचे धोके या सदरात एकही नोंद नाही. उड्डाण करणाऱ्यांपैकी कोणीही घाबरणार नाही, असे गृहीत धरले आहे काय? खुलासा करावा."

शेरा वाचून तिघींपैकी एकीला प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसावं लागलं. ती वाघीण.

वाघीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. मागच्या वर्षी प्रयोगशाळेच्या कपाटातून एक भलीमोठी पाल धपकन ओट्यावर पडली, तेव्हा सगळा वर्ग बाकांवर चढला, विज्ञानाच्या बाई खुर्चीवर चढल्या, आणि ही एकटी जागच्या जागी ताठ उभी राहिली. पालीच्या डोळ्यांत डोळे घालून! तेव्हापासून ती वाघीण. खरी गोष्ट अशी होती की तिचे गुडघे चालायचे बंद झाले होते. पण हे ती कुणाला सांगणार? वाघीण म्हणवून घ्यायला कुणाला नको असतं? पाठ आपोआप ताठ होते. वर्गात हात वर करताना आवाज फुटतो. वर्षभर ती त्या नावाच्या जोरावर इतकी मोठी झाली होती की ते नाव काढून घेतलं असतं, तर आत काय उरलं असतं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि आता विमान.

शाळांसाठी एक योजना निघाली होती. एक विमान, आतल्या खुर्च्या काढून भिंतींना आणि जमिनीला गाद्या लावलेल्या. ते आकाशात उंच चढतं आणि मग वर फेकलेल्या दगडासारखं वळून खाली येतं. येताना बावीस सेकंद आतल्या कशालाही वजन राहत नाही. माणसं, पेनं, पाण्याचे थेंब, सगळं तरंगतं. मग विमान परत चढतं, परत पडतं. असं दहा वेळा. प्रत्येक संघाने एक प्रयोग करायचा; दोघींनी विमानात जायचं आणि एकीने खाली विमानतळावर थांबून नोंदी ठेवायच्या.

यांचा प्रयोग होता पाच दोऱ्यांचा. अर्जात त्याचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण शाळेत सगळे त्याला 'नाडी प्रयोग' म्हणत, कारण पाचातली एक दोरी म्हणजे वाघिणीच्या बाबांच्या पायजम्याची नाडी होती. कल्पना वाघिणीचीच. एकदा बाबांचा चहा सांडला, त्यात नाडीचं टोक बुडलं आणि चहा सुळसुळ वर चढू लागला. बाबा ओरडत होते, आई फडकं शोधत होती, आणि ही मात्र नाडीकडे बघत विचार करत होती: पाणी दोरीतून वर चढतं खरं, पण जिथे 'वर' असं काही नसेलच, तिथे ते कुठे जाईल? त्या प्रश्नाने तिला असं काही झपाटलं की जेवताना, आंघोळ करताना, भूगोलाच्या तासाला, जिकडे तिकडे तिला दोऱ्याच दिसायच्या. तो प्रश्न तिचा होता, आणि त्याचं उत्तर तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

फक्त ते उत्तर विमानात होतं. आणि विमान पडणार होतं. दहा वेळा.

साध्या लिफ्टमध्येसुद्धा तिचा जीव वरच्या मजल्यावर राहून शरीर तेवढं खाली यायचं. झोका, पाळणा, उतारावरची सायकल, यांतलं काही नुसतं लांबून दिसलं तरी हातपाय गार. पण माघार घ्यायची सोय नव्हती. मोजपट्टीची उंची नियमापेक्षा दोन बोटं जास्त भरली होती (मोजली तिनेच), म्हणजे विमानात वाघीण आणि स्क्रू याच दोघी. आणि उड्डाण करणाऱ्यांपैकी एकीने जरी नाव मागे घेतलं, तर संपूर्ण संघ बाद आणि यादीतला पुढचा संघ आत. नियम क्रमांक नऊ. वाघिणीने तो इतक्या वेळा वाचला होता की त्यातल्या स्वल्पविरामांशीही तिची ओळख झाली होती.

"आता काय खुलासा करायचा?" स्क्रूने विचारलं. स्क्रूच्या कंपासपेटीत चार पेचकस होते, कंपास नव्हता. "आपल्यात घाबरतंय कोण?"

"कुणीच नाही," मोजपट्टी म्हणाली.

"अजिबात नाही," वाघीण म्हणाली. आवाज जरा वरच्या पट्टीत गेला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

"घाबरायचं काहीही कारण नाही," बाई म्हणाल्या. बाई हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की न घाबरलेली मुलंही विचारात पडत. "आपण लिहू, आमचा संघ निर्भय आहे."

लिहिलं. चार दिवसांत परत. "निर्भय व्यक्तींना विमानात घेतले जात नाही. खुलासा करावा."

मग बाईंनी डोकं लढवून लिहिलं, "एखादी व्यक्ती घाबरण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही." तेही परत. शेऱ्यात दोनच शब्द: "कोणती व्यक्ती?"

तिघी एकमेकींकडे बघेनात. आणि त्या क्षणी वाघिणीच्या डोक्यात एक असली भन्नाट कल्पना आली की तिला स्वतःचाच हेवा वाटला. ती उठून उभी राहिली. ओट्याला धरून, पण उभी राहिली.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली. "कुणाचं तरी लिहायलाच हवं ना? संघासाठी मी घाबरल्याचं नाटक करीन."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्क्रूने तिला मिठी मारली. "अगं पण तू? तू, घाबरणार? कुणाला पटणार तरी आहे का?"

"बघू या. प्रयत्न करते," वाघीण विनयाने म्हणाली.

अशा रीतीने यादीत धोका क्रमांक बेचाळीस दाखल झाला. "उड्डाण करणारी क्रमांक एक घाबरणे. शक्यता: अत्यल्प. परिणाम: पाचव्या सेकंदाला सिरिंज दाबायची राहून जाईल. उपाय: एक ते बावीस मोठ्याने मोजणे." राहिला पुराव्याचा रकाना. योजनेच्या कार्यालयाने कळवलं: संबंधित व्यक्तीला निरनिराळ्या तीन प्रकारे घाबरवावे, तिने मोजत मोजत पाचव्या अंकाला सिरिंज दाबावी, साक्षीदाराची सही घ्यावी. तिन्हींपैकी एक तरी प्रयत्न यशस्वी व्हायला हवा.

म्हणजे बघा हं. जी मुलगी खरोखर घाबरते, ती न घाबरणारी म्हणून प्रसिद्ध. ती आता घाबरल्याचं नाटक करणार. आणि ते नाटक करण्यासाठी तिला खरोखर घाबरवलं जाणार. त्या दिवशी घरी जाताना वाघिणीला प्रथमच वाटलं की कल्पना भन्नाट होती खरी, पण नेमकी कुणाच्या बाजूची होती?

बातमी फुटायला एक संध्याकाळ पुरली. बाबांनी चष्म्याच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावता लावता सगळं सांगून टाकलं, आणि घरी सल्ल्यांचा पूर आला. मावशीने फोन करून बजावलं, पोट एकदम रिकामं ठेव. शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, पोट गच्च भरलेलं ठेव, म्हणजे ते हलत नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर काका खास स्वेटर घालून आले, खुर्ची ओढून बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "विमान पडायला लागलं ना, की ऐन शेवटच्या क्षणी जागच्या जागी उडी मारायची. म्हणजे तू हवेत, आणि विमान तेवढं आपटलं. काय?"

"पण काका, ते आपटणार नाहीये."

"तसं सगळेच म्हणतात," पोस्टमास्तर काका म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला.

त्यानंतरचे दोन दिवस वाघीण काही खाऊ शकली नाही. मावशी खूश झाली.

पहिली चाचणी बागेतल्या झोक्यावर. मोजपट्टी टेप घेऊन झोक्याची उंची मोजत होती, स्क्रू ढकलायला मागे, आणि बाजूला सहा-सात चिल्लीपिल्ली रांग लावून, कारण झोका एकच. वाघिणीने एका हातात रिकामी सिरिंज धरली, दुसऱ्याने साखळी. स्क्रूने ढकललं. झोका मागे गेला, पुढे आला, आणि सगळ्यांत वरच्या टोकाला, जिथे तो क्षणभर थांबतो ना, तिथे वाघिणीचं पोट, काळीज आणि आतलं जे काही सुटं होतं ते सगळं पुढे निघून गेलं. कानात शिट्टी वाजू लागली. बागेतली झाडं वर-खाली झाली.

"मोज!" मोजपट्टी ओरडली.

"एक," वाघीण म्हणाली. "दोन. तीन. तीन. तीन. तीन..."

"अगं काय अभिनय करतेस!" स्क्रू मागून आनंदाने किंचाळली. "तोंड बघा हिचं! पांढरंफटक! हे कसं जमवलंस?"

"ताई," रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "तीनच्या पुढे चार असतं."

सिरिंज कधी खाली पडली ते कळलंच नाही. बागेच्या रखवालदाराने सही द्यायला साफ नकार दिला. "पोरगी झोक्यावर घाबरली असं लिहून देऊ? उद्या चौकशी लागली तर? आधी लिहा, झोका सुस्थितीत होता." ते लिहिलं. मग तो म्हणाला, "आणि साखळ्यासुद्धा." साखळ्याही लिहिल्या. त्या सहीच्या कागदावर शेवटी झोक्याचं कौतुक होतं चार ओळी आणि वाघिणीबद्दल एक शब्द: अयशस्वी.

दुसरी चाचणी लिफ्टमध्ये. बाबांच्या दुकानावर सात मजले होते आणि त्या इमारतीचे सेक्रेटरी अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी लेखी अर्ज मागितला. 'लिफ्ट वापरण्याचा हेतू' या ओळीवर बाबांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'मुलीस घाबरवणे.' सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. शेवटी अकरा ते साडेअकरा अशी वेळ मिळाली, आणि काही गैरप्रकार होऊ नये म्हणून ते स्वतः आत उभे राहिले. पांढरा शर्ट घालून. या वेळी स्क्रूने सगळं खऱ्यासारखं व्हावं म्हणून सिरिंजमध्ये लाल पाणी भरलं होतं. हे तिने वाघिणीला सांगितलं नव्हतं.

लिफ्ट सातव्या मजल्यावरून सुटली. वाघिणीने डोळे घट्ट मिटले. पायांखालची जमीन हळूच निघून जात होती, कुणीतरी खालून सतरंजी ओढून घ्यावी तशी. तिने मोजलं. एक. दोन. दातांवर दात आपटत होते. तीन. चार. पाच! आणि दाबली की हो सिरिंज! पाचव्या अंकाला, नेमकी! फक्त तोंड सेक्रेटरींकडे होतं.

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या आजी, सेक्रेटरींचा शर्ट बघून, पिशव्यांसकट मटकन खाली बसल्या. सेक्रेटरी दुखावलेल्या आवाजात एवढंच म्हणाले, "अर्जात याचा उल्लेख नव्हता." सही मिळाली नाही. त्या गडबडीत आपण सहापासून पुढे मोजलंच नाही, हे वाघिणीला घरी गेल्यावर आठवलं.

"तुझा अभिनय जरा जास्तच होतोय हं," मोजपट्टी गंभीरपणे म्हणाली. "थोडं कमी घाबर. नाहीतर खोटं वाटेल."

वाघिणीला काय वाटलं असेल? तिला वाटलं की आपण नदीत बुडतो आहोत आणि काठावर उभी राहून सगळी मंडळी टाळ्या वाजवताहेत.

तिसरी चाचणी शेवटची. ही फसली की संघ घरी. शेजारी राहणाऱ्या दाताच्या डॉक्टर काकू म्हणाल्या, "माझी खुर्ची घ्या. बटण दाबलं की एका झटक्यात मागे आडवी होते. मोठमोठे पुरुष ओरडतात." दुपारी दवाखाना रिकामा असताना वाघीण त्या खुर्चीत बसली. काकूंनी बटण दाबलं, खुर्ची पाठीमागे कोसळली, वाघिणीचं तोंड आपोआप वासलं गेलं, आणि काकू सवयीने आत डोकावल्या.

"अगं बाई! ही दाढ किडली आहे."

"अं?"

"आणि किडकी दाढ घेऊन उंचावर जायचं नसतं. हवेचा दाब बदलला की ठणका लागतो. तुझ्या वैद्यकीय फॉर्मवर दातांपुरती सही मलाच करायची आहे ना? मग हलू नकोस. आत्ताच भरून टाकू."

आता मला सांगा, नुसती घाबरण्याची चाचणी द्यायला आलेल्या मुलीवर कुणी ड्रिल मशीन सोडतं का? पण काकूंनी सोडलं. वरून पांढरा दिवा, कानाजवळ ती घुंईऽऽ, तोंडात नळी, आणि मोजपट्टी पायाशी उभी राहून ओरडतेय, "मोज, मोज!" वाघिणीने मोजलं. म्हणजे घशातून आवाज काढले. "ए. ओ. ई. आ. आ!" पाचव्या आवाजाला सिरिंज दाबली. पुढे मोजत राहिली, कारण थांबलं तर ड्रिलचा आवाज ऐकू येत होता. बावीस झाले. काकूंनी सही ठोकली: "मुलीने बावीसपर्यंत मोजले. अंक ओळखू आले नाहीत, पण संख्या बरोबर होती."

कार्यालयाचं उत्तर आलं: "धोका क्रमांक ४२ वरील उपाय मान्य. अर्ज मंजूर."

शाळेत जल्लोष झाला. वाघीण सगळ्यांत मोठ्याने ओरडली आणि मग मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन थंड भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली. इतके दिवस मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटत होतं की अर्ज काहीतरी कारणाने फेटाळला जाईल. एखादी सही राहील, एखादा कागद हरवेल. पण नाही! आयुष्यात प्रथमच एका कार्यालयाने एकही कागद हरवला नव्हता.

राहिली आईची संमती. आई बसगाड्यांच्या वेळापत्रकांच्या ऑफिसात काम करायची आणि कोणताही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही. तिने बेचाळीसच्या बेचाळीस धोके वाचले, एकेक ओळीखाली बोट फिरवत. बाबा मधेच म्हणाले, "वाघीण आहे आपली, तिला काय होतंय!" बाबा स्वतः बल्ब बदलताना दोन माणसांना स्टूल धरायला लावत, पण ते असो. आईचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे नाटक आहे म्हणे?"

"हो. संघासाठी," वाघीण म्हणाली.

"म्हणजे तू घाबरलेली नाहीस?"

"नाही."

"दोन दिवस जेवली नाहीस ती?"

"मावशीने सांगितलं होतं."

आईने तिच्याकडे बघितलं. आयांना एक बघणं येतं, त्यापुढे क्ष-किरण फिके. मग तिने पेनाचं टोपण काढलं. "बरं. मग मी घाबरते. घरात कुणीतरी उघडपणे घाबरलेलं असलेलं बरं." आणि सही केली. सहीतला शेवटचा फराटा जरासा वाकडा गेला.

उड्डाणाच्या सकाळी विमानतळाच्या एका लांबलचक खोलीत दोघींना निळे अंगरखे दिले. वाघिणीला तिचा दोन मापं मोठा झाला, त्यामुळे ती आत थरथरत असूनही बाहेरून फक्त कापड हलताना दिसत होतं. खिडकीतून विमान दिसत होतं. पांढरं, पोटाकडे जरा फुगलेलं, अगदी निवांत. एका माणसाने प्रत्येकाच्या हातात कागदी पिशवी दिली आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

वाघिणीचा धीर तिथे सुटला. तिने स्क्रूचा हात धरला. "ए, ऐक ना. मी नाटक करत नव्हते."

"काय?"

"झोक्यावर. लिफ्टमध्ये. खरंच घाबरले होते. आत्ताही घाबरले आहे. मला पायच नाहीत असं वाटतंय. खरंच गं."

स्क्रूने तिच्याकडे निरखून बघितलं आणि मग फस्सकन हसली. "बापरे! कसलं भारी! इथेसुद्धा तेच! आता सोड की, अर्ज मंजूर झाला."

वाघीण बाईंकडे वळली. बाईही सोबत म्हणून विमानात येणार होत्या आणि त्यांनी कागदी पिशवीची घडी घालून घालून तिची पुडी केली होती. "बाई, मला भीती वाटतेय."

"शाबास," बाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "शेवटपर्यंत भूमिकेत राहणं, याला म्हणतात निष्ठा. घाबरायचं काहीही कारण नाही. नाही ना?"

दार उघडं होतं. परत जायला कुणीही अडवलं नसतं. नुसतं 'मी येत नाही' म्हटलं असतं की झालं. वाघिणीने मागे वळून काचेपलीकडे उभ्या मोजपट्टीकडे बघितलं. तिने दोन्ही अंगठे वर केले होते, दोन बोटं जास्त उंचीची ती पोरगी, जिला कितीही वाटलं तरी जाता येणार नव्हतं. मग वाघिणीने पेटीकडे बघितलं. पाच दोऱ्या ताणून बसवलेल्या, कोरड्या, वाट बघणाऱ्या. पाणी कुठे जाईल?

ती चढली. कशी, ते तिला आजही सांगता येत नाही.

विमान चढू लागलं तेव्हा आधी वजन दुप्पट झालं. गाल खाली ओघळले, हात शिशाचे झाले, गादीने तिला गिळायला सुरुवात केली. तिने पेटीला कवटाळलं आणि अंगठा सिरिंजवर ठेवला. इंजिनाचा आवाज बदलला. वैमानिकाने काहीतरी म्हटलं. आणि मग, कुणी काही न करता, खाली असं काही राहिलंच नाही.

वाघिणीने 'एक' म्हणायला तोंड उघडलं. जे बाहेर आलं तो 'एक' नव्हता.

आठवड्याने प्रयोगशाळेत चौघी जमल्या तेव्हा बाईंचा चेहरा उतरलेला होता. वजन कधी गेलं आणि कधी आलं, हे टिपणाऱ्या यंत्राची बॅटरी पहिल्याच डुबकीत निसटून तरंगत निघून गेली होती. पेटीवर बसवलेल्या कॅमेऱ्यात दोऱ्या दिसत होत्या, पाणी पसरताना दिसत होतं. पण त्यातला नेमका कोणता भाग बिनवजनाचा, ते कशावरून ठरवायचं? आणि तेच ठरत नसेल, तर सगळा प्रयोग म्हणजे पाच ओल्या दोऱ्या.

"घाबरायचं काही..." बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही.

"आवाज लावून बघू या," मोजपट्टी म्हणाली.

"नको!" वाघीण ओरडली. पण स्क्रूने लावला.

काय सांगू तुम्हाला! इंजिनाची घरघर, घरघर, आणि मग एकाएकी अशी किंकाळी की ओट्यावरच्या चंचुपात्रांनी उत्तर दिलं. लांबलचक, न तुटणारी; विमानात सगळ्यांच्याच आरडाओरड्यात ती कुणाला वेगळी ऐकू आली नव्हती, पण कॅमेरा तिच्या तोंडाशीच होता. बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं थबकली आणि खिडकीशी गोळा झाली. वाघिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गेलं. नाव गेलं, वर्ष गेलं, सगळं गेलं. मग किंकाळी थांबली, खट्कन, नळ बंद केल्यासारखी. परत नुसती घरघर.

मोजपट्टी घड्याळाकडे बघत होती. "बावीस," ती म्हणाली.

दुसरी किंकाळी. "बावीस."

तिसरी. "साडेएकवीस."

चौथ्या किंकाळीला स्क्रू उठून उभी राहिली. "थांबा, थांबा! वजन गेलं की ही सुरू. वजन आलं की ही बंद. दर वेळी! अगं, याहून नेमकं यंत्र मिळणार तरी आहे का कुठे?" मग तिला काहीतरी उमगलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे... ते नाटक नव्हतं?"

"नव्हतं," वाघीण हातांच्या आडून म्हणाली. "तुला सांगितलं होतं मी."

"दहाही वेळा घाबरलीस?"

"दहाही वेळा."

"आणि सिरिंज?"

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. प्रत्येक किंकाळीच्या पाचव्या सेकंदाला, एक थरथरता अंगठा कडेने येत होता आणि लाल पाण्याचा थेंब बरोबर दोऱ्यांच्या मधोमध सोडत होता. दहाही वेळा. आणि थेंब दोरीत शिरून दोन्ही बाजूंना सारखाच धावत होता, जणू वर काय नि खाली काय, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. सगळ्यांत जोरात धावला तो बाबांच्या नाडीत.

खिडकीतली मुलं गजांना नाकं लावून बघत होती. वाघिणीने हळूच हात खाली घेतले, आणि तिच्या लक्षात आलं की आपली पाठ ताठच आहे.

"पण ही अकरावी कसली?" मोजपट्टीने विचारलं. "डुबक्या दहाच होत्या ना?"

स्क्रूने ती परत लावली. वैमानिकाचा शांत आवाज आला: मंडळी, झालं, आता आपण परत जातोय. आणि लगेच, वजन सगळं जागच्या जागी असताना, एक लांब, जीव तोडून काढलेला आवाज: "नाहीऽऽऽ!"

मोजपट्टी पेन्सिल उचलून थांबली. "ही कुठे धरू?"

वाघीण लाल झाली. "तिला वगळ," ती म्हणाली. "ती घाबरल्याची नाही."